पाखरीचा उजवा डोळा

डॉक्टर इरमने घोडीच्या उजव्या कानामागे अंगठा दाबला, तेव्हा मान आखडली ती तिला सांभाळणाऱ्या कडूबाची. पाखरी तशीच उभी होती. डोकं उजवीकडे कललेलं, उजवा कान ओल्या फडक्यासारखा लोंबलेला.

“इथं दुखतंय तिला,” इरम म्हणाली. “काका, ही कुठं पडली-बिडली होती का?”

“न्हाई.”

“दाराच्या चौकटीला डोकं आपटलं असेल?”

“न्हाई, मॅडम. चोवीस तास माझ्या नजरंखाली असती ती. तसं काही असतं तर सांगितलं नसतं का?”

पागेच्या दारात घोडीचे मालक तातेराव उभे होते. वडीगोद्रीच्या हायवेवर त्यांचं लोखंड-सिमेंटचं दुकान होतं आणि दुकान सोडून आल्याची घाई त्यांच्या उभं राहण्यात दिसत होती. “ह्याला काय इचारता, डॉक्टरबाई,” ते म्हणाले. “हा माणसाशी बोलत न्हाई, घोडीशी बोलतो. तिलाच इचारा.”

इरम हसली. नोकरीला लागून तिला दीड वर्षच झालं होतं, आणि समोरच्याला नीट समजेपर्यंत सांगत राहायची तिची सवय अजून मोडली नव्हती. डोकं असं कलतं त्याची कारणं तीन, ती म्हणाली. कानाच्या आत पू, डोक्याला मार, नाहीतर सर्रा. सर्रा म्हणजे गोमाशीच्या चाव्यातून रक्तात शिरणारा जंतू. गेल्याच महिन्यात शेजारच्या गावात दोन जनावरांना तो निघाला होता. कान आतून स्वच्छ दिसत होता. मार लागलेला नव्हता. तिने रजिस्टरमध्ये ‘इजा : नाही’ असं लिहिलं, काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेतला, सर्राची सुई दिली आणि सोबत, असू द्यावा म्हणून, सूज उतरवणाऱ्या औषधाचा तीन दिवसांचा डोस लावला.

गाडी सुरू करताना ती कडूबाला म्हणाली, “काळजी करू नका. वेळेत सांगितलंत.”

कडूबाने मान हलवली. तिची गाडी हायवेला लागेपर्यंत तो फाटकाची कडी धरून उभा होता.

पाखरी चार दिवसांपूर्वी पडली होती.

तिला एक खोड लागली होती. शर्यतीच्या रेषेवर इतर घोडे आले की ती मागच्या दोन पायांवर उभी राहायची, आणि ती खाली येईपर्यंत बाकीचे पन्नास हात पुढे गेलेले असायचे. अशा दोन शर्यती हातच्या गेल्या होत्या. ह्या खोडीवरचं औषध कडूबाला ठाऊक होतं. पुण्याच्या तबेल्यात बावीस वर्षं काढली, तेव्हा उस्तादाने ते शिकवलं होतं. घोडं उभं राहिलं, की पार वर जाऊ द्यायचं आणि तोल जिथे नावाला उरतो तिथे दोन्ही लगाम एकदम मागे ओढायचे. घोडं पाठीवर येतं. एकदा पाठ जमिनीला लागली की जन्मात पुन्हा मागच्या पायांवर उभं राहत नाही.

त्यासाठी नांगरलेलं रान लागतं. पागेमागे सोयाबीन काढून नांगरून टाकलेलं रान होतं. मधे अवकाळी पाऊस झाला आणि नंतर पाच दिवस ऊन पडलं. काळी माती अशी वाळली की तिच्या ढेकळांचे दगड होतात. हे त्या भागात सगळ्यांना कळतं, कडूबालाही कळत होतं. पण रान वरून भुसभुशीत दिसलं आणि त्याने पाय मारून बघितलं नाही. एवढीच चूक, असं तो तेव्हापासून स्वतःला सांगत होता.

पाखरी पाठीवर आली नाही, टाळूवर आली. ती किती वेळ पडून होती हे त्याने मोजलं नव्हतं. पण तेवढ्यात हायवेवरून एकामागे एक तीन ट्रक गेल्याचं त्याला आठवत होतं. मग ती उठली, झाडासारखी हलली आणि उभी राहिली. उजव्या नाकपुडीतून आणि उजव्या कानातून रक्त आलं होतं. त्याने दोन बादल्या पाण्याने ते धुतलं. रक्त लागलेलं ढेकूळ बांधापलीकडे फेकलं. ह्यातलं कुणी काही पाहिलं नाही, आणि न पाहिलेलं सांगायची कडूबाला सवय नव्हती.

सांगून जायचं कुठे, हेही होतं. बायको चतुराबाई जाऊन सहा वर्षं झाली होती. शालू, त्याची लेक, वाळूजला एका खोलीत नवरा आणि दोन लेकरांसोबत राहत होती. गावातलं घर भावांनी वाटून घेतलं तेव्हा तो पुण्याला होता. आता त्याचं म्हणायला पागेला लागून असलेली पत्र्याची खोली होती, आणि ती खोली घोडीमुळे होती. रात्रीची भाकरी खाताना तो मधलं दार उघडं ठेवायचा. पलीकडे पाखरी कडबा चावायची. दोन तोंडं चालू आहेत, एवढा आवाज त्याला पुरायचा.

सुई दिल्याच्या चौथ्या दिवसापासून डोकं सरळ होऊ लागलं. इरम रोज संध्याकाळी यायला लागली. रोज यायची गरज नव्हती, पण तिचंही घर मस्तगडला, जालन्यात. इथे भाड्याची खोली आणि बाहेरून आलेला डबा. खोलीवर परतायची तिला घाई नसायची. ती मोबाइल घोडीच्या कपाळाशी धरून कोन मोजायची आणि वहीत लिहायची. अठरा अंश, अकरा, चार. वही ती कडूबाला दाखवायची, कारण दाखवायला तिथे दुसरं कुणी नव्हतं.

“काचपट्टीवर जंतू दिसला नाही,” ती एकदा म्हणाली, “पण सर्रात तसं होतं. सुई लागू पडली, म्हणजे सर्राच. हे मी नीट लिहून काढणार आहे, काका. डॉक्टरांच्या पुढच्या बैठकीत मांडते.”

“मांडा की,” कडूबा म्हणाला. तिचा चेहरा असा उजळला होता की त्याने वहीकडे बघत राहणं पत्करलं.

त्याच दिवशी तिने घोडीचे डोळे तपासले. डाव्या डोळ्यासमोर तळहात झटकन नेला, पापणी मिटली. उजव्या डोळ्यासमोर नेला, पापणी मिटली. इरमने दोन्हीकडे खूण केली. कडूबा घोडीच्या तोंडाशी उभा होता. तळहात आला तेव्हा पाखरीच्या कपाळावरचे केस त्याच्या वाऱ्याने हलल्याचं त्याने पाहिलं.

शुक्रवारी सकाळी तो अनवाणी, तिच्या उजव्या बाजूने पागेत शिरला. इतर दिवशी ती मान वळवायची. आज त्याचा हात पाठीवर पडला आणि ती सगळ्या अंगाने दचकली.  मग तो बांधावर गेला, पऱ्हाटीच्या उरल्यासुरल्या बोंडांतला मूठभर कापूस काढून आणला, आणि त्याचा एक बोळा घोडीच्या डाव्या डोळ्यासमोरून खाली सोडला. कापसाला वारा नाही, आवाज नाही. पाखरीची नजर त्याच्याबरोबर खाली गेली, कान पुढे आला. त्याने उजव्या बाजूने दुसरा बोळा सोडला. घोडी समोर बघत राहिली.

त्याने पुन्हा सोडला. मूठ संपेपर्यंत तो सोडत राहिला.

शर्यत रविवारी होती. गोदाकाठच्या जत्रेत आठ घोडे एका पट्टीत सुटणार होते, आणि पाखरीची जागा डावीकडून दुसरी निघाली होती. म्हणजे सहा घोडे तिच्या उजव्या हाताला. जत्रेच्या समितीला प्रत्येक जनावरासाठी डॉक्टरचा दाखला लागायचा. दाखल्याचा कोरा कागद शनिवारी सकाळी हरिओम घेऊन आला. पाखरीवर बसणारा तोच. वजन शेहेचाळीस किलो, एरवी भाजीचा टेम्पो चालवायचा.

“मामा, मालकांनी सांगितलंय, बाईंची सही जल्दी घ्या,” तो म्हणाला. “आणि पहिला नंबर आला ना, तर बायकोला बाळंतपणाहून घोडीवरच आणतो बघा. सासऱ्याची जीपगाडी पाहून पाहून कटाळलो.”

बोलता बोलता त्याने पाखरीच्या उजव्या गालाला हात लावला. ती झटक्याने मागे सरली.

“लाजून राह्यली,” हरिओम हसला. कागद खिडकीत ठेवून, कोथिंबिरीच्या जुड्या उन्हाने मरतील म्हणत तो निघून गेला.

इरम नऊ वाजता आली. भरड्याच्या पोत्यावर बसून तिने शिक्का काढला, पेनाचं टोपण काढलं. “चार अंश म्हणजे काहीच नाही,” ती म्हणाली. “आणखी दहा दिवस थांबले असते तर बरं झालं असतं, पण तातेरावांचा काल तीनदा फोन आला. पळू शकते.”

“सही करू नका, मॅडम.”

तिने वर पाहिलं. कडूबाने खिशातून कापूस काढला. डाव्या बाजूने एक बोळा सोडला, मग उजव्या बाजूने. ती उठली. तिने त्याच्या हातातला कापूस घेतला आणि स्वतः केलं. तीन वेळा डावीकडून, तीन वेळा उजवीकडून. सहाव्या बोळ्यानंतर ती खाली पडलेल्या कापसाकडे बघत राहिली.

“मी हात हलवला तेव्हा मिटला होता डोळा.”

“वारा लागल्ता.”

“तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?”

“हो.”

पाखरीने शेपूट झटकली. कडूबाने तिच्या मानेवर हात ठेवला, आणि मग तो काढून घेतला.

“ती पडली न्हाई म्हणालो, ते खोटं न्हाई,” तो म्हणाला. “म्या पाडली तिला.”

त्याने सांगितलं. उस्तादाची रीत, दोन्ही लगाम, रान, ढेकळं. इरमने मधे टोकलं नाही. मग तिने विचारायला सुरुवात केली: तारीख कोणती, किती वाजता, किती वेळ पडून होती, रक्त आधी नाकातून आलं की कानातून. त्याने तीन ट्रकांचं सांगितलं, तेही तिने लिहिलं. रजिस्टरची मागची पानं उलटून ‘इजा : नाही’ वर आडवी रेघ मारली आणि बाजूला आपली सही केली.

“म्हणजे सर्राची सुई नाही, सुजेचं औषध लागू पडलं होतं,” ती स्वतःशीच म्हणाली. वहीतले अंशांचे आकडे तिने एकदा पाहिले आणि वही पिशवीत टाकली. “काका, पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर डोळा वाचला असता की नाही, मला सांगता येणार नाही. कदाचित वाचला असता. आता नाही.”

“हां.”

दाखल्यावर तिने ‘अपात्र’ लिहिलं आणि शिक्का मारला. तातेरावांना मीच सांगतो, कडूबा म्हणाला. खोलीतलं सामान फार नाही, आजच्या आज आवरतं.  इरमने पेन अजून बंद केलं नव्हतं.

“ही रीत तुम्ही आधी कधी वापरली होती?”

“पाच घोडे,” कडूबा म्हणाला. आवाजात नकळत थोडा ताठा आला. “पुण्यात. एकबी परत उभा राहिला न्हाई.”

“मग नंतर कसे होते ते?”

“कसे म्हणजे? शांत. एकदम शांत झाले.”

इरमने ते लिहिलं नाही. ती त्याच्याकडे बघत होती. रागाने नाही, उत्तर अजून पुरं व्हायचं आहे असं बघत होती. तिच्या मागे पाखरी उभी होती, तीही शांत.

कडूबा पाण्याच्या पिंपाला टेकला. एक करडा घोडा होता, तो जन्मभर मान एका अंगाला धरून चालायचा. सगळे त्याला नखरेल म्हणायचे. एक होता, तो दाणा खाऊन झाला की भिंतीला कपाळ लावून तासतास उभा राहायचा. त्याला गरीब म्हणायचे. आणि एक तिसऱ्याच महिन्यात, भर धावेत, वळणावर वळलाच नाही. सरळ कठड्यावर गेला. वर बसलेल्याच्या कमरेचं हाड मोडलं. तपासात तो म्हणत राहिला, लगाम मी बराबर ओढला होता. कुणी मानलं नाही. त्याचा परवाना गेला. दवाखान्यात जाऊन त्याला भेटून आलेल्या तबेल्यातल्या लोकांत कडूबाही होता. त्याने केळी नेली होती.

बाहेर हायवेवर एक ट्रक हॉर्न देत गेला. कडूबाने दोन्ही तळहात धोतरावर पुसले.

“लिहा,” तो म्हणाला.

इरमने नवं पान काढलं, वर तारीख घातली आणि डावीकडे एक आकडा लिहून पुढे टिंब दिलं. “पहिला घोडा. नाव?”

“थांबा. पहिलं नाव घोड्याचं न्हाई,” कडूबा म्हणाला. “माणसाचं हाय.”