पदराच्या गाठीतली झडप

मी एक जुनी अंबू बॅग आहे. मित्रांनो, नाव ऐकून दप्तर किंवा बाजाराची पिशवी डोळ्यांसमोर आणू नका. मी रबराची, पपईएवढी, आणि माझ्या पोटात हवेशिवाय काहीही नसतं. ज्याचा श्वास थांबतो त्याच्या नाकातोंडावर माझा मुखवटा घट्ट धरतात आणि मला दाबतात. माझ्या पोटातली हवा त्याच्या छातीत जाते. सोडलं की मी पुन्हा फुगते. काम एवढंच, पण त्यावर माणूस राहतो की जातो ते ठरतं. म्हणून मी जन्मभर भीतच आले.

माझ्या गळ्यात बोटाच्या पेराएवढी एक रबरी झडप असते. ती हवेला पुढे रोग्याकडे पाठवते. ती नसली तर मला कितीही दाबा, हवा बाजूच्या भोकांतून निघून जाते आणि वरून बघणाऱ्याला मी धडधाकट दिसते. मोठ्या शहरातल्या कारखान्यातून मी खोक्यात बसून निघाले, तेव्हा हे सगळं एका कागदावर छापून माझ्याबरोबर दिलं होतं. तो कागद कुणी वाचला नाही. तुम्ही तरी मिक्सरबरोबर आलेला कागद कुठे वाचता?

मी आले ती घाटनांदूरच्या बाजूला असलेल्या एका लहान खाजगी दवाखान्यात. मोठ्या दवाखान्यांत माझ्यासारख्या दहा असतात, इथे मी एकटी. पहिली काही वर्षं माझं फार कौतुक झालं. एकदा जन्मल्यावर न रडलेलं बाळ माझ्या हवेवर रडलं, तर त्याच्या आजोबांनी, अर्जुनरावांनी, मला हळदकुंकू लावलं. ते पुसताना स्वप्नाली सिस्टरची पुरेवाट झाली. मला धुवायचं काम छबुबाईकडे होतं. सुटे भाग करून साबणाच्या पाण्यात घालायचे, स्टीलच्या ट्रेमध्ये वाळवायचे आणि पुन्हा जोडायचे. त्यांचा हात मायेचा होता.

मग डॉक्टर पौर्णिमा आली. नुकतीच एमबीबीएस झालेली, पीजीची परीक्षा दिलेली. पुढे काय शिकायचं त्याचा पसंतीक्रम तिला ऑनलाइन भरायचा होता. पहिल्या ओळीत तिने इमर्जन्सी मेडिसिन लिहून ठेवलं होतं. तिचे वडील जालिंदर एसटीत कंडक्टर. डबा द्यायला आले की माझ्या कपाटासमोरच्या बाकावर बसायचे आणि कातडीची डॉक्टर हो म्हणून तिच्या मागे लागायचे. त्या कामात कुणाचा जीव जात नाही, रविवारी सुट्टी असते, असं त्यांचं गणित. ती हसून म्हणायची, "बाबा, धावत आलेल्या माणसाला दारात कुणीतरी भेटायला नको का?"

एका सोमवारी दुपारी विहिरीतला गाळ काढायला उतरलेल्या शहादेवला आणलं. विहिरीत कोंडलेल्या वायूने तो आतच पडला होता. त्याचा भाऊ गहिनीनाथ त्याला पाठीवर घेऊन आला. पौर्णिमाने मला उचललं, मुखवटा बसवला आणि दाबलं.

हवा छातीत गेली नाही. माझ्या गळ्यात झडपच नव्हती. आदल्या दिवशी ती ट्रेच्या तळाला चिकटून राहिली होती आणि छबुबाईंनी मला तिच्याशिवाय जोडलं होतं. पौर्णिमा दाबत होती, मी हवेत हवा सोडत होते. मोठे डॉक्टर विजयसिंह ऑपरेशनमधून येईपर्यंत सगळं संपलं होतं. वायू फार होता, तू तरी काय करणार, असं म्हणून त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती आपल्या हातांकडे बघत राहिली. मला वाचा असती तर मी ओरडले असते.

सिस्टरने माझा मुखवटा तेवढा धुतला, मला काचेच्या कपाटात ठेवलं आणि किल्ली कमरेला लावली. दुसऱ्या दिवशी ट्रे घासताना छबुबाईंना झडप सापडली. आपल्या हातून काय झालं ते त्यांना कळलं. घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच. खरं सांगावं तर नोकरी जाणार, वर माणूस मारल्याचं नाव होणार. त्यांनी झडप पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. किल्ली मागावी तर कशाला म्हणून सांगावं? त्या रोज कपाटासमोर फरशी पुसायच्या, काचेतून माझ्याकडे बघायच्या आणि निघून जायच्या.

ते चार दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. बाहेर जीप थांबली की वाटे, आता मला काढतील आणि माझ्या हातून दुसरा माणूस जाईल. पौर्णिमाचंही तेच झालं होतं. मोठ्याने दार वाजलं तरी ती दचके. गुरुवारी बाकावर बसून तिने मोबाइलवर पहिली ओळ खोडली आणि तिथे त्वचारोग लिहिलं. अर्ज पक्का करायला शनिवारपर्यंत मुदत होती. जालिंदर खूश व्हायला हवे होते, पण लेकीचं तोंड बघून त्यांना डबासुद्धा उघडवला नाही.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता ती जीप आलीच. हनुमान नावाच्या शेतकऱ्याची बारा वर्षांची आरोही. पहाटे जमिनीवर झोपलेली असताना तिला साप चावला होता. तिला पारावर नेऊन कडुलिंबाचा पाला चावायला दिला. पाला कडू लागला तर विष चढलं नाही, गोड लागला तर चढलं, अशी तिकडे पक्की समजूत. पोरीने थुंकून कडू आहे म्हटलं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला आणि तिला घरी नेऊन झोपवलं. पण चावली होती मण्यार. तिचं विष जिभेची चव घालवत नाही, ते पापण्या पाडतं, मग श्वास थांबवतं. नवाच्या सुमाराला पोर डोळे उघडेना. जीपमध्ये तिचा श्वास तुटायला लागला.

विजयसिंह त्या दिवशी बीडला गेले होते. पौर्णिमाने सिस्टरला प्रतिविष भरायला सांगितलं, १०८ ला फोन करवला आणि कपाट उघडायला लावलं. तिने मुखवटा पोरीच्या नाकातोंडावर बसवला. दाबलं. छाती हलली नाही. मुखवटा नीट करून पुन्हा दाबलं. पोरीचे ओठ निळे पडत चालले. हनुमान भिंतीला टेकून म्हणाला, "गेली का हो माजी लेक?" पौर्णिमाने पुन्हा आपल्या हातांकडे पाहिलं. ते मी ओळखलं. सोमवारी तिने असंच पाहिलं होतं.

दारात छबुबाई पोछा धरून उभ्या होत्या. पोछा हातातून पडला.

"ताई, तुमचा हात चुकत न्हाई," त्या म्हणाल्या. "त्या बॅगंची झडप माज्यापशी हाय. सोमवारी बी ती बॅगंत नव्हती."

पदराची गाठ घट्ट बसली होती, ती त्यांनी दातांनी सोडली. पौर्णिमाने त्यांच्या हातातून झडप घेतली. धुतली, माझ्या गळ्यात बसवली, माझं तोंड तळहाताने बंद करून एकदा दाबून पाहिलं. हवा कुठूनच निसटली नाही, मी दबले नाही. मग मुखवटा लावून दाबलं आणि आरोहीची छाती वर आली.

त्यानंतर मी थांबले नाही. १०८ मधून घाटाच्या वळणांनी अंबाजोगाईपर्यंत पौर्णिमा मला दाबत राहिली, मोजत राहिली. पोर मेल्यासारखी पडून होती. मागून येणाऱ्या जीपमध्ये बायकांनी रडायला सुरुवात केली होती. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला माझी झडप निसटेल अशी मला भीती वाटत होती. तिथे पोचल्यावर यंत्राने माझं काम हातात घेतलं. तिसऱ्या दिवशी आरोही बोलली, "मला समदं ऐकू येत होतं. मी गेली म्हनत होते. एक ताई आकडे मोजत होती, म्हनून मला वाटलं, मी हाय."

त्याआधी, शनिवारी सकाळी, पौर्णिमा आणि छबुबाई विजयसिंहांसमोर उभ्या राहिल्या. "झडप या विसरल्या, तपासायचं मी विसरले," असं पौर्णिमाने सांगितलं. मग त्या दोघी शहादेवच्या घरी गेल्या. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. छबुबाईंचा पगार महिनाभर थांबला, नोकरी राहिली. गहिनीनाथ पुढे कधी त्या दवाखान्याची पायरी चढला नाही, आणि त्याला दोष द्यायची माझी हिंमत नाही. शनिवारीच संध्याकाळी पौर्णिमाने खोडलेली ओळ परत लिहिली. जालिंदर म्हणाले, "लिही. पन जेवत जा."

आता मी म्हातारी झाले, रबर पिवळं पडलं. रोग्यासाठी मला कुणी वापरत नाही. इमर्जन्सीचं शिक्षण घेणारी पौर्णिमा मला मागून घेऊन गेली. नवीन सिस्टर आणि डॉक्टर शिकायला आले की ती आधी माझी झडप गुपचूप काढून खिशात घालते आणि मला त्यांच्या हातात देते.

मित्रांनो, माझी विनंती तुम्ही ओळखली असेल. जीव वाचवणारी वस्तू रोज सकाळी एकदा तपासून ठेवा, आणि चूक झाली तर गाठीत बांधू नका. शिकायला आलेले बरेचजण मला तशीच सरावाच्या रबरी बाहुल्याच्या तोंडाला लावतात. बाहुल्याची छाती हलत नाही, तेव्हा मला पुन्हा विहिरीतून आणलेला शहादेव दिसतो. पण एखादी मुलगी आधी माझ्या तोंडावर तळहात ठेवते, दाबते, थबकते आणि विचारते, "मॅडम, हिची झडप कुठाय?"

तेव्हा पौर्णिमा खिशात हात घालते. झडप काढून ती त्या मुलीच्या तळहातावर ठेवते.