बाळाचा फोटो काढायचा आहे

चिठ्ठी आणून दिली ती बसवंत कंडक्टरनं. जळकोटहून येणारी दुपारची गाडी उदगीरच्या स्टँडावर लागली, की तिकिटांची पेटी काखेत मारून तो चहाला निघायचा आणि वाटेत जिलानीच्या स्टुडिओत घटकाभर टेकायचा. त्या दिवशी तो टेकला नाही. उभ्या उभ्याच त्यानं वहीच्या कागदाची घडी जिलानीच्या हातात दिली.

"बोरवाडीच्या फाट्यावर एका बाईनं दिली. नरसिंग सोनकांबळेची बायको म्हणं. लई रडत होती बिचारी. गाडी भरलेली, इचारायची सोय न्हवती."

जिलानीनं कागद उलगडला. अक्षर गोल, शाळकरी होतं.

"जिलानीभाईंना सप्रेम जय भीम. घरी येऊन बाळाचा फोटो काढायचा आहे. उद्याच या, उशीर करू नका. घरात पांढरी चादर धड नाही, ती घेऊन या. बाळाचे वडील लातूरला आहेत, त्यांना यायला मिळत नाही. त्यांनी बाळाचं तोंड पाहिलेलं नाही. फोटोत तरी दिसावं. आपली, नीला."

त्यानं चिठ्ठी पुन्हा वाचली आणि तो स्टुलावर बसला. बसवंतानं त्याचं तोंड बघितलं, काय ते ओळखलं आणि पेटी सावरत निघून गेला.

त्या दिवसांत तान्ह्या लेकराचा फोटो कुणी काढत नसे. फोटो काढला की लेकराचं आयुष्य घटतं, असं गावोगाव मानायचे. लग्नाला, नोकरीच्या अर्जाला, फार तर शाळेच्या दाखल्याला फोटो. कॅमेरावाल्याला घरी बोलावणं यायचं ते लेकरू गेल्यावरच. आईजवळ तोंड तरी राहावं म्हणून. जिलानी जायचा, चादर अंथरायचा, लेकराचे केस सारखे करायचा आणि ते झोपल्यासारखं दिसेल असा एकच फोटो काढून परतायचा. लातूर नवा जिल्हा होऊन तिसरं वर्ष चाललं होतं आणि दुष्काळाचंही तसंच. विहिरींच्या तळचं गढूळ पाणी पिऊन होळीपासून गेलेली पाच लेकरं त्यानं आपल्या कॅमेऱ्यात घेतली होती. पाचवं चाकूरकडच्या एका वस्तीवरचं. तिथून आल्यावर तो बायकोला, बेगमबीला, म्हणाला होता की आता पुरे, हे काम आपल्याच्यानं होत नाही.

संध्याकाळी चिठ्ठी त्यानं तिला वाचून दाखवली.

"मी न्हाई जात," तो म्हणाला. "सांगून पाठवतो, कॅमेरा बिघडलाय म्हणून."

बेगमबी ज्वारी निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. "तिच्या शादीचे फोटो कुणी काढले?"

"मीच."

"मग आता ती दुसऱ्या कुणाला बोलवील?"

ते लग्न त्याच्या चांगलं ध्यानात होतं. पांढऱ्या साडीतली नीला, पांढऱ्या सदऱ्यातला नरसिंग, मागं बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. नीला सारखी हसत होती आणि तिची सासू धुरपताबाई तिला सारखी दटावत होती. लग्नात हसू नये म्हणे नवरीनं.

बेगमबी उठली आणि तिनं पेटीतून एक कोरी चादर काढली. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. लेकीसाठी ठेवलेली. "ही न्या," एवढंच ती बोलली.

सकाळी जिलानीनं यशिका कॅमेऱ्यात नवा रोल भरला, भिंग पुसलं, पिशवीत चादर ठेवली आणि पाच लिटरचा कॅन पाण्यानं भरून घेतला. दुःखाच्या घरात प्यायला पाणी मागायची त्याला लाज वाटायची. त्यातून या वर्षी तर कुणाच्याही दारात मागवत नसे. पहिल्या गाडीनं तो निघाला. दोन्ही बाजूला नांगरून ठेवलेली काळी रानं ढेकळं धरून पडली होती. चिठ्ठीतलं एकेक वाक्य त्याच्या डोक्यात फिरत होतं. त्यांनी तोंड पाहिलेलं नाही. काय सांगायचं त्या पोरीला? आजवर त्यानं कुणालाच काही सांगितलं नव्हतं. काम करायचं, मान खाली घालून निघायचं.

बोरवाडीच्या फाट्यावर टँकरची वाट बघत घागरींची रांग लागली होती. जिलानी गाडीतून उतरला तशी बायकांची बडबड थांबली. या भागात त्याला सगळे ओळखत. खांद्याला कॅमेरा, पिशवीतून डोकावणारी पांढरी चादर. एकीनं पदर तोंडाला लावला.

"अगं बया! कुणाचं गं?"

जिलानीनं नुसतं सोनकांबळ्यांच्या घराकडं बोट केलं. घर रस्त्याला लागूनच होतं. बाई घागर तिथंच टाकून निघाली. तिच्यामागं दुसरी, तिसरी. त्या उन्हाळ्यात पाण्याची रांग सोडणं म्हणजे लहान गोष्ट नव्हती, पण पाच-सहा बायका रांग सोडून त्याच्या मागोमाग आल्या. कुणीतरी हुंदकाही दिला.

दारात त्यानं चपला काढल्या. आत लेकरू रडत होतं, चांगलं टिपेच्या सुरात. शेजारपाजारचं असेल, असं त्याला वाटलं. ओसरीवर बसलेल्या धुरपताबाईनं आधी त्याला बघितलं, मग त्याच्या मागच्या बायकांना.

"काय गं," ती कडाडली, "तुमी सगळ्या कशापायी आलाव?"

तेवढ्यात आतून नीला बाहेर आली. डोक्याला घट्ट फडकं बांधलेलं, कडेवर घेता येणार नाही असं एवढंसं लेकरू दोन्ही हातांत धरलेलं. लेकरू लालबुंद झालं होतं आणि दोन्ही मुठी झाडत होतं.

"आलाव का भाई! मला वाटलं, येत न्हाईत तुमी. बघा की, सकाळधरनं कसं भोंगा लावून बसलंय."

जिलानी बघतच राहिला. "हे... हेच का बाळ?"

"मग? दुसरं कुठलं?"

तो उंबऱ्यावर बसला. कॅमेरा मांडीवर घेतला, डोळ्यांवर हात ठेवला आणि त्याचे खांदे हलायला लागले. नीला घाबरली.

"भाई, काय झालं? घरी समदं बरं हाय ना?"

"बरं हाय," तो कसाबसा म्हणाला. "लई बरं हाय. पोरी, चिठ्ठी कशी लिहिलीस गं तू? रात्रभर डोळा लागला न्हाई माझा. मला वाटलं..."

नीलानं मनातल्या मनात चिठ्ठी आठवली. हळूहळू तिच्या तोंडावरचा रंग उतरला. "आई गं!" ती सासूकडं बघून म्हणाली. "उशीर करू नका म्हणून लिहिलं ते आत्यांच्यामुळं. त्या काल कशाबशा हाव म्हणल्या. उद्या परत न्हाई म्हणतील म्हणून घाई केली."

"आन रडत का होतीस फाट्यावर?"

"त्याच्यावरनंच तर भांडण झालंतं आमचं."

मागं उभ्या असलेल्या बायकांना उलगडा झाला आणि एक जण जी हसत सुटली, ती थांबेचना. मग सगळ्याच हसल्या. हसता हसता कुणाला तरी रांग आठवली आणि सगळ्या फाट्याकडं पळाल्या.

धुरपताबाई मात्र हसली नव्हती. ती जिलानीकडं रोखून बघत होती.

"म्हणूनच मी नको म्हणत होते," ती म्हणाली. "तू दारात आलास की लोकं काय समजतेत, बघितलंस न्हवं? बावीस दिसाचं लेकरू हाय माझं. दीड शेर वजनाचं जन्मलं. सुनेच्या माहेरी प्यायला पाणी न्हाई म्हणून हितंच बाळंतपण केलं. रातंदीस छातीशी धरून जगवलंय त्याला. आन तू पांढरी चादर घेऊन येतूस!"

"आत्या, चादर मीच मागितली," नीला म्हणाली. "आपल्यात पांढरं शुभ असतंय. लग्नात मी काय नेसले होते?"

जिलानीनं रुमालानं तोंड पुसलं. म्हातारीचं बोलणं त्याला लागलं होतं, पण ती खोटं बोलत नव्हती.

"मावशी, तुमचं खरं हाय," तो म्हणाला. "आठ वर्षं झाली स्टुडिओ टाकून. घरी बोलावून जित्या लेकराचा फोटो काढा म्हणून आजवर मला कुणी सांगितलं न्हाई. कुणीच न्हाई. होळीपासनं पाच झाले. मी ठरवलंतं, आता न्हाई जायचं कुठं. तुमी नको म्हणलाव तर मी आता जातो, माझं काही म्हणणं न्हाई. ह्याचं रडणं ऐकलं, मला पावलं."

बाळ रडतच होतं. मग धुरपताबाई गुडघ्यावर हात देऊन उठली.

"पाच?" तिनं विचारलं.

त्यानं मान डोलावली.

"बस. च्या घे. आन काढ फोटू. एक न्हाई, चांगले धाबारा काढ."

मग घरात एकच धांदल उडाली. बाळाला आंघोळ घालायची होती आणि पिंपात तळाला तांब्याभर पाणी होतं. टँकरचा पत्ता नव्हता. जिलानीनं आपला कॅन पुढं केला. धुरपताबाईनं झाकण उघडून वास घेतला, बोट बुडवून चव बघितली आणि मगच पाणी चुलीवर चढवलं. पाय लांब करून तिनं नातवाला पायावर पालथं घातलं, तेल चोळलं आणि गरम पाण्याचे चार तांबे असे पुरवून ओतले की खालच्या घमेल्याबाहेर एक थेंब वाया गेला नाही. त्याच पाण्यात दुपटी बुचकळली. आंघोळीनंतर शेगडीवर ओवा टाकून धुरी दिली. काजळाचं बोट तिनं गालावर, कपाळावर, तळपायावर आणि पुन्हा दुसऱ्या गालावर लावलं.

"आत्या, काळाच येईल की फोटूत," नीला म्हणाली.

"येऊ दे. बाप काय दुसऱ्याचा समजंल व्हय?"

तोवर जिलानी घरात उजेड शोधत होता. फ्लॅशचं नाव काढताच म्हातारीनं डोळे वटारले होते. आत अंधार, बाहेर रखरखीत ऊन. शेवटी त्यानं बाज दाराजवळ ओढली, तिच्यावर गोधड्यांची मऊ उशी केली आणि वरून बेगमबीची कोरी चादर अंथरली. दाराचं एक कवाड लोटून घेतलं. उजेड चादरीवर पडून मऊ झाला. काम सोपं होतं, असले फोटो त्यानं किती काढले होते.

पण सोपं नव्हतं. बाजेवर ठेवताच बाळानं पाय झाडले. जिलानी वाकून काचेत बघतो, तर मूठ तोंडावर. मूठ खाली येते, तर मान पलीकडं. शटर हळू ठेवायची त्याच्या हाताला सवय झालेली. असल्या फोटोत समोरचं कधी हललंच नव्हतं. पहिला फोटो हलला, हे त्याला खटका दाबतानाच कळलं. दुसराही. त्यानं शटरचा वेग वाढवला, बाज वीतभर उजेडात सरकवली.

"लई वळवळतंय की हो मावशी!"

"मग? जितं हाय ते!" धुरपताबाई ठसक्यात म्हणाली आणि स्वतःच दचकली. मग तिघंही हसली.

बाळाला भूक लागली. नीलानं आत नेऊन पाजलं. परत आणलं तर त्यानं दुधाची गुळणी चादरीवर टाकली. चादरीची घडी घालून बाजू बदलली. जिलानी ओठांनी चिमणीचा आवाज काढायला लागला, चाळीस वर्षांचा बाप्या. बाळानं भुवया वर केल्या आणि डोळे उघडे ठेवून क्षणभर आवाजाकडं तोंड वळवलं. खटका. मग जांभई. खटका. मान लटकू नये म्हणून धुरपताबाईनं हात खाली घातला होता, तो ती काढायला लागली.

"राहू द्या हात," जिलानी म्हणाला.

"माझा हात कशाला फोटूत? भेगाच भेगा हायत."

"राहू द्या म्हणलं ना."

बारावा आणि शेवटचा फोटो त्यानं तिघांचा घेतला. म्हातारीनं डोक्यावरून पदर घेतला, श्वास रोखून धरला आणि खटका वाजल्यावरच सोडला. तेवढ्यात फाट्यावर टँकरचा हॉर्न वाजला. सुनेच्या हातात बाळ देऊन ती घागर घेऊन पळाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जिलानीनं डार्करूममध्ये फोटो उतरवले. फोटो धुवायला पाणी लागतं. औषध नीट निघालं नाही, तर वर्षभरात कागद पिवळा पडतो. त्या उन्हाळ्यात तो एकाच पाण्यात सगळ्या गिऱ्हाइकांचे फोटो विसळायचा आणि मनात खजील व्हायचा. बेगमबीनं दार वाजवलं. घरची भरली घागर तिनं उंबऱ्यावर ठेवली होती. तिनं तसंच वाकून ट्रेमधला फोटो बघितला. पाण्याखाली बाळ मोठ्ठी जांभई देत होतं.

"या अल्ला," ती म्हणाली, "किती छोटंसं हाय!" आणि घागर उचलून तिनं आत आणली.

फोटो पोस्टानं पाठवायचे ठरले होते. जिलानी स्वतःच लातूरला गेला. फोटोचे कागद आणायचेत, असं त्यानं घरी सांगितलं. कलेक्टर कचेरीत भिंतींना अजून रंगाचा वास होता, टेबलं कमी आणि माणसं जास्त. टँकरवाटपाच्या खोलीत गावोगावचे सरपंच अर्ज घेऊन उभे होते. त्यांच्या मधोमध दाढी वाढलेला नरसिंग नोंदी करत होता. दीड महिन्यात त्याला एक सुट्टी मिळाली नव्हती. जिलानीनं पाकीट पुढं केलं.

नरसिंगनं हात पँटला पुसले. एकेक फोटो काढून तो टेबलावर ठेवत गेला. आपल्या आईच्या भेगाळ हातावर विसावलेल्या त्या एवढ्याशा डोक्यावर त्याचं बोट थांबलं.

"हे रडत का होतं?" त्यानं एका फोटोकडं बघून विचारलं.

"भुकेजलंतं. लगेच पिलं."

"पितंय ना नीट?"

"अरे, चादर भरवली माझी."

शेजारच्या टेबलावरून हेडक्लार्क व्यंकटराव उठून आले. चष्मा कपाळावर सारून त्यांनी जांभईचा फोटो उजेडात धरला. सरपंचही माना लांब करून बघायला लागले.

"नरसिंग," व्यंकटराव कोरडेपणानं म्हणाले, "दीडला नवा टँकर उदगीर तहसीलला निघतोय. जळकोटकडच्या गावांना तो पोचतो का न्हाई, ते बघून यायला माणूस पाहिजे. जा तू. रिपोर्ट सोमवारी दे."

"आज गुरुवार आहे साहेब."

"मला कळतंय वार कुठला आहे ते."

दीड वाजता नरसिंग ड्रायव्हरशेजारी चढून बसला. पाकीट त्यानं सदऱ्याच्या आत घातलं होतं. "चला की, उदगीरला सोडतो," त्यानं हाक मारली. जिलानीनं नको म्हणून हात हलवला. त्याला खरोखरच कागद घ्यायचे होते. टँकर धूर सोडत उदगीरच्या रस्त्याला लागला. जिलानी तसाच स्टँडसमोरच्या खानावळीत शिरला. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच त्याला सडकून भूक लागली होती.