चालायला शिकलेला दगड

मी एक जुना, एकेकाळी चुन्याने रंगवलेला हद्दीचा दगड आहे. मित्रांनो, दगडाला कसली आली भीती, असे तुम्ही म्हणाल. पण मी भित्रा आहे आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही. माझ्या एका बाजूला बाजरीचे शेत आहे, दुसऱ्या बाजूला गुरांची वाट. मी जागचा हललो, तर माणसे मरू शकतात.

मला टेकडीवरून फोडून आणले आणि इथे रोवले, त्या दिवशी एक सरकारी माणूस गावाला समजावत होता. आपला नायजर देश मोठा, पण बराचसा वाळूचा. उरलेल्या जमिनीतच बाजरी पिकवायची, त्यातच गुरे चारायची आणि त्यातच चार झाडे राखायची. म्हणून तळ्याकडे जाणारी ही वाट कुणी पेरायची नाही.

शेत बुकारचे होते. तो कानुरी. गुरे गिदादोची. तो फुलानी. या दोन जमातींत थट्टेचे नाते आहे. एकाने दुसऱ्याला गुलाम म्हणायचे आणि दुसऱ्याने रागवायचे नाही, ही वाडवडिलांपासूनची रीत.

गिदादोने मला थोपटले आणि म्हणाला, "बुकार, गुलामा, याच्याकडून काहीतरी शीक. सांगितल्या जागी गप बसतो."

"बसू दे. तुझ्यासारखा शेपट्यांमागे तर धावत नाही," बुकार म्हणाला.

ते दिवस चांगले होते. कापणी झाली की गिदादोची गुरे बुकारच्या शेतात बसत, शेताला खत मिळे. दूध देऊन बाजरी नेली जाई. दरवर्षी मला ताजा चुना लागे. गावप्रमुख पाहुण्यांना मुद्दाम आणून मला दाखवी, तेव्हा मी मनातल्या मनात फुगत असे.

मग बुकारच्या मुलांची लग्ने झाली. घरात खाणारी तोंडे वाढली, शेत मात्र तेवढेच राहिले. एका पेरणीला मुलांनी पहारीने मला हातभर वाटेत सरकवले. बुकारने ते पाहिले आणि मान फिरवली. पुढच्या पेरणीला पुन्हा तेच. मी भीतीने अर्धा झालो, पण दगडाला ओरडता कुठे येते? चुनाही बंद झाला. पांढरा दगड नजरेत भरतो ना. शेवटी वाट इतकी अरुंद झाली, की दोन गायी शेजारून जाईनात.

एका वर्षी कणसे भरली असताना गिदादोचा बैल शेतात शिरला. बुकार कोयता घेऊन आला. गिदादो काठी घेऊन उभा राहिला. दोघांची मुले आपापल्या बापामागे सज्ज उभी होती.

"तुमच्या बैलाने माझी बाजरी खाल्ली," बुकार म्हणाला.

"तुमचं नुकसान झालंय. दिसतंय मला," गिदादो म्हणाला.

मित्रांनो, ते 'तुमचं' ऐकून मी गार पडलो. इतकी वर्षे या दोघांच्या तोंडून मी शिव्याच ऐकल्या होत्या. शेजारच्या गावात एकदा लोक असेच अदबीने बोलू लागले होते, आणि त्याच संध्याकाळी तिथे कबरी खणाव्या लागल्या होत्या.

मग गिदादो पुढे आला आणि चक्क माझ्यावर बसला. काठी त्याने मांडीवर आडवी ठेवली.

"काय रे गुलामा," तो म्हणाला, "तुझा दगड चालायला कधी शिकला?"

बुकारने कोयत्याची मूठ आवळली. आता वार होणार, असे मला वाटले.

"तुझ्या गायींच्या नादी लागून बिघडला," शेवटी तो म्हणाला. "भटक्या झाला मेला."

कोयता चालला, पण बाजरीवर. माझ्या जुन्या जागेपर्यंतचे उभे पीक बुकारने स्वतःच्या हाताने कापले. मग दोघा म्हाताऱ्यांनी खांदा लावून मला तिथे लोटत नेले.

तरी माझी भीती गेलेली नाही. दोघेही आता थकले आहेत, इकडे फिरकत नाहीत. परवा त्यांची मुले माझ्यापाशी समोरासमोर आली.

"तुम्ही बरे आहात ना?" एकाने विचारले.

"बरा आहे. तुम्ही?" दुसरा म्हणाला, आणि दोघे निघून गेले.

मित्रांनो, जमीन एक वीतही वाढत नाही, सरकतो तो फक्त मी. मला चुना नाही लावलात तरी चालेल, पण मला हलवू नका. आणि कुणीतरी त्या मुलांना सांगा, की एकमेकांना गुलाम म्हणा. मीच सांगितले असते, पण मला तोंड नाही.