गुमर्सिंदो मामाचा कान

मी खोकले. खड्ड्यात उकिडवा बसलेला मामा लगेच थांबला.

"बरं नाही का गं?" शिमेनाबाईंनी विचारलं. खोदकाम त्यांचं. कोणाला ठेवायचं, कोणाला घरी पाठवायचं, तेही त्याच ठरवतात.

"धूळ आहे," मी म्हटलं.

धूळबिळ काही नाही. गुमर्सिंदो मामाच्या डोळ्यांत मोतीबिंदू आलाय. अडतीस वर्षं तो आम्हा माया लोकांच्या जुन्या घरांवरची माती काढतोय. त्या घरांची जमीन चुन्याची, पांढरी. ती लागली की थांबायचं. टवका उडाला तर बाई उभं जाळतील. म्हणून पांढरं दिसलं की मी खोकायचे. शाळा सोडून माती चाळायला आले, तेव्हापासून हेच. घरी बसवलं तर मामा महिन्याभरात मरेल, हे मला पक्कं माहीत होतं.

"नेइदी, जा, पाणी आण," बाई म्हणाल्या.

"मीच का? बाकीच्यांचे पाय मोडलेत?"

"जा म्हटलं ना!"

विहीर लांब. पळत गेले, अर्धी बादली सांडत पळत आले. बघते तर मामा गवंड्याची थापी उलटी धरून तिच्या मुठीनं माती ठोकत होता. धप. धप. मग टण्ण.

"इथं थांबा," तो म्हणाला. कुंचा फिरवला. खाली पांढरी जमीन, साधा ओरखडा नाही.

मी बादली ठेवली आणि वाकून त्या जमिनीवरून बोट फिरवलं.

बाई वहीत लिहीत होत्या. मामा मातीला माया भाषेत जी नावं देतो, ती जुन्या शिलालेखांतल्या शब्दांशी त्या ताडून बघतात. मान वर न करताच म्हणाल्या, "दोन वर्षं झाली मला याच्या डोळ्यांचं कळून. डोळेवाले बारा आहेत माझ्याकडे. कानवाला हा एकच."

"मग मी उगाच खोकत होते?"

"उगाच कसं?" मामा म्हणाला. "तू खोकलीस की थांबावं लागायचं. त्या खोकल्यात मातीचं काही ऐकूच यायचं नाही!"

बाई फिदीफिदी हसल्या. "म्हणून तर हिला पाण्याला पिटाळलं."

असा राग आला! उरलेली बादली मी त्यांच्या बुटांवर ओतली. त्या आणखीच हसल्या. मग मीही.

शनिवारी खड्डा बुजवायचा होता. त्याआधी तळाशी यंदाचं नाणं ठेवतात. पुढं कोणी खणलं तर आपण येऊन गेलो हे कळावं म्हणून. मामानं नाण्यावर अंगठा फिरवला. मग सगळ्यांदेखत ते माझ्यापुढं धरलं.

"साल वाच गं, पोरी."

मी वाचलं. त्यानं ते आकडा वर करून ठेवलं आणि दोन्ही हातांनी माती ओढली.