बाईंचं डावं-उजवं

शाळेने जीवशास्त्र शिकवायला सॉफ्टवेअर घेतलं, तेव्हा सगळ्यात जास्त नाक मी मुरडलं. इतकी वर्षं खडूने हृदय काढणारी मी, मला आता संगणक शिकवणार? मुख्याध्यापकांनी ते नेमकं माझ्याच गळ्यात मारलं, वर नववीचा कच्चा वर्गही दिला.

त्या वर्गात एक मुलगी होती. सगळे तिला मौनी म्हणत. लिहायला बरी, पण तोंडी परीक्षेत हूं की चूं करायची नाही. यंदा तोंडी बुडाली तर शाळा बंद आणि मामाच्या लाँड्रीत इस्त्री, असं तिच्या वडिलांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. मला फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की मी जास्तच ओरडते, त्यामुळे ती आणखी गप्प झाली.

पहिल्या तासाला, पोरांना जरा दाखवू म्हणून, मोठ्या पडद्यावर मीच विद्यार्थिनी होऊन बसले. हृदयाच्या कप्प्यांवर नावं ओढून टाकायची होती. खडू हातात असला की माझा हात आपोआप चालतो. माऊस धरल्यावर डोकं चालवावं लागलं आणि तिथेच घोडं अडलं. डावं डावीकडे टाकलं, उजवं उजवीकडे. पडदा लाल झाला.

"काळजी करू नका, तुम्ही हळूहळू शिकाल," सॉफ्टवेअर गोड आवाजात म्हणालं.

वर्ग खिदळला. पुन्हा केलं, पुन्हा लाल. बरोबर आल्याशिवाय ते मेलं पुढचं पानही उघडेना.

तेव्हा मौनी उठून जवळ आली. "बाई, ते हृदय आपल्याकडे तोंड करून आहे," ती पुटपुटली. "त्याची डावी बाजू आपल्या उजवीकडे."

मी अपमान विसरले. त्यानंतर मी अडले की ती यायची, आणि मी बऱ्यापैकी अडायचे.

तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. "फुफ्फुसातून आलेलं रक्त हृदयाच्या कुठल्या बाजूला येतं?"

मौनीचा पुतळा झाला. माझ्या डोळ्यांसमोर लाँड्री आली. लाज गुंडाळून ठेवली आणि परीक्षकांच्या पाठीमागून मी तिला उजवा हात वर करून दाखवला.

तिने कपाळाला हात लावला. "बाई, परत चुकलात. डावी," ती मोठ्याने म्हणाली, आणि थांबलीच नाही. परीक्षकांना आणि मला मिळून तिने रक्ताचा अख्खा प्रवास समजावला.

ती पास झाली. चुकीचा हात मी मुद्दामच दाखवला, बाईंचं डोकं भारी, असं स्टाफरूममध्ये सगळे म्हणतात. मी नम्रपणे हसते. खरं काय ते फक्त मौनीला ठाऊक आहे, आणि ती आता बोलायला लागलीय.