नायलॉनच्या तारांची गिटार

सुनेत्रा मेश्रामच्या डाव्या हाताची बोटं वाकेनाशी झाली तेव्हा तिला रिटायर होऊन फार काळ झाला नव्हता. जन्मभर तिनं शाळेत संगीत शिकवलं होतं आणि संध्याकाळी दीक्षितपुऱ्यातल्या घरी गिटारच्या शिकवण्या घेतल्या होत्या. डॉक्टरांनी वात सांगितला, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "बहुत बजा लिया मॅडम, अब आराम कीजिए."

तिची गिटार नवऱ्याच्या हातची होती. पुंडलिक कारखान्यात ओतकामासाठी लाकडाचे साचे करायचा. सुनेत्राचे पंजे लहान. क्लासिकल गिटारची रुंद मान तिच्या मुठीत मावायची नाही, आणि स्टीलच्या तारांनी बोटं कापायची. म्हणून त्यानं मधला मार्ग काढला. तारा नायलॉनच्या, पण मान बारीक आणि मानेवरची बोटं दाबायची पट्टी किंचित गोलसर. कमानिया गेटजवळचा वाद्यांचा दुकानदार ती पाहून म्हणाला होता, "इसको क्रॉसओव्हर बोलते हैं भैया, बाहर बहुत महंगी आती है." पाठ शिसमची, पोट देवदाराचं. मागच्या खोलीत रंधा मारता मारता दोन हिवाळे गेले होते. आता पुंडलिकचेही हात थरथरत. दुसरी होणार नव्हती.

विकायची गोष्ट त्यानंच काढली.

"पडून राहिली तर मरते ती," तो म्हणाला. "कोणीतरी वाजवणारं पाहून देऊन टाकू."

एका शिष्येनं फोटो काढून इंटरनेटवर टाकले. पहिलं गिऱ्हाईक आलं ते शहराबाहेर बरगीच्या रस्त्यावर उघडलेल्या नवीन रिसॉर्टचे मालक. त्यांनी गिटार हातात घेतलीच नाही. लांबून पाहिली, मोबाइलमध्ये फोटो घेतला. "रेस्टोरेंट की दीवार पर बढ़िया लगेगी. दाम आप बोलिए."

"भिंतीसाठी नाही बनवली जी," पुंडलिक म्हणाला आणि त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

मग अंशुल आला. कॉलेज संपवून इकडेतिकडे कार्यक्रम करणारा, बोलायला गोड. त्यानं गिटार मांडीवर घेतली, तारा जुळवल्या आणि डोळे मिटून वाजवायला लागला. सुनेत्राला वाटलं, आपलीच बोटं परत आली. पुंडलिक चष्मा पुसायच्या निमित्तानं खिडकीकडे वळला.

"इतने पैसे नहीं हैं अंकल," अंशुल शेवटी म्हणाला.

पुंडलिकनं बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "देऊन टाका." रिसॉर्टवाल्यानं सहज दिली असती त्याच्या निम्म्या किमतीत गिटार गेली. पुंडलिकनं एकच अट घातली. "स्टील के तार कभी मत लगाना बेटा. या लाकडाला तेवढा ताण सोसत नाही. पेट फूल जाएगा, तारा धरणारी घोडी उखडून येईल." अंशुल दोघांच्या पाया पडला.

दिवाळीनंतर एक शिष्या हसत हसत आली. "मॅडम, ये देखो, बिलकुल तुमच्या गिटारसारखी!" तिच्या मोबाइलवर बरगीच्या त्या रिसॉर्टची भिंत होती. खाली मुली उभ्या राहून फोटो काढत होत्या. वर, दोन प्लॅस्टिकच्या वेलींच्या मधे, सुनेत्राची गिटार.

ती स्वयंपाकघरात गेली, दार ओढून घेतलं आणि अंशुलला फोन लावून गिटारचं विचारलं.

"हाँ आंटी," तो जराही न अडखळता म्हणाला. "मुझे पुणे शिफ्ट होना था. रिसॉर्टवालों का ऑफर अच्छा था."

"आम्ही तुला वाजवायला दिली होती, अंशुल."

"आंटी, दी नहीं थी. बेची थी."

तिनं फोन ठेवला.  बाहेरून पुंडलिकनं विचारलं, "कोणाचा फोन होता?"

"अंशुलचा," ती म्हणाली.

"अच्छा! काय म्हणून राहिला? वाजवते का?"

तिनं दार उघडलं तर पुंडलिकचं तोंड उजळलं होतं. सुनेत्रा म्हणाली, "हो. रोज वाजवतो म्हणे."

एकदा बोलल्यावर मागे फिरता आलं नाही. पुंडलिक दर काही दिवसांनी विचारायचा आणि ती काहीतरी सांगायची. अंशुल पुण्याला गेला. तिथे त्याचा कार्यक्रम झाला. लोकांनी विचारलं, ही गिटार कोणी बनवली? हे शेवटचं तिनं का सांगितलं ते तिलाही कळलं नाही. पुंडलिक मात्र कारखान्यातल्या जुन्या सोबत्यांना ते सांगून आला.

उन्हाळ्यात त्याच्या बहिणीच्या, इंदिराच्या नातवाचा वाढदिवस होता. तो नेमका त्याच रिसॉर्टमध्ये ठेवलेला. सुनेत्रानं डोकं दुखतं म्हणून पाहिलं, ऊन फार आहे म्हणून पाहिलं. पण इंदिराचा मुलगा गाडी घेऊन दारात आला.

पुंडलिक आत शिरला आणि भिंतीपुढे थांबला. कुणीतरी स्टीलच्या तारा चढवल्या होत्या. देवदाराचं पोट फुगलं होतं, घोडी एका बाजूनं उचलली होती. त्यानं हात वर केला तसा मॅनेजर धावत आला.

"छूना मना है अंकल, डेकोरेशन का है."

"इसके तार ढीले करो. टूट जाएगी."

"इम्पोर्टेड है, स्पेन की. कुछ नहीं होता."

"मैंने बनाई है," पुंडलिक म्हणाला.

मॅनेजर हसला. त्यात वाईट काही नव्हतं, म्हाताऱ्या माणसाकडे पाहून हसतात तसं. सुनेत्रा पुढे झाली. "सच कह रहे हैं. मैंने इतने साल बजाई है."

"ठीक है आंटी. आप दोनों खड़े हो जाइए, फोटो खींच देता हूँ."

केक कापून होईपर्यंत पुंडलिक खुर्चीवर बसून होता. त्यानं काही खाल्लं नाही.  घरी आल्यावर चप्पल काढता काढता त्यानं विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"केव्हापासून?"

"दिवाळीपासून. तुम्हाला त्रास होईल म्हणून…"

"त्या पोऱ्याचं मला काही नाही. तो परका. पैशे दिसले, विकली." तो भिंतीला हात लावून उभा होता. "पण मी रोज विचारून राहिलो आन तू रोज माझ्या तोंडावर सांगून राहिली. काहून? मी काय लहान लेकरू आहे का?"

सुनेत्रा रडली. तो आत जाऊन झोपला.

पुढच्या आठवड्यात त्यानं माळ्यावरून शिसमच्या उरलेल्या फळ्या उतरवल्या. कधीतरी जमलीच तर अजून एक करू, म्हणून वर्षानुवर्षं जपलेल्या. सुनेत्राला वाटलं, राग निवळला, हाताला काम लागलं. थरथरत्या हातांनी त्यानं त्या कापल्या, खिळे ठोकले आणि चपला ठेवायचा स्टँड करून दाराशी ठेवला. एका बाजूला फळी वाकडी बसली होती.

"छान झाला," सुनेत्रा म्हणाली.

पुंडलिकनं वाकड्या फळीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"हो का?" तो म्हणाला, आणि करवत पुसायला लागला.