सदतिसावा अंक

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिला सगळे नऊ नंबर म्हणत, कारण नोकरीला लागल्यापासून ती नऊ नंबरच्या बोर्डावर बसत होती. घरी मात्र एकोणतीस पुरी झाली तरी ती छोटीच होती. घरात माणसं तीन: औषधांचं दुकान चालवणारा दादा, शाळेत गणित शिकवणारी वहिनी आणि छोटी. छोटीच्या लग्नाचा विषय वहिनीने दोनदा काढला होता. दोन्ही वेळा छोटीने तो असा काही बोळा करून फेकला, की तिसऱ्यांदा काढायचं वहिनीच्या मनातच आलं नाही. एरवी दोघींचं गूळपीठ असं, की दादाला आपल्याच घरात अल्पमतात राहावं लागे.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत छोटी सुपरवायझरबाईंचं साप्ताहिक चाळत होती. शेवटच्या पानावर, सायकल विकणे आहे आणि टक्कल घालवणे आहे यांच्यामध्ये, दोन ओळींची जाहिरात होती. ‘जुनी कॉमिक्स टपालाने मिळतील. यादीसाठी तिकीट लावलेलं पाकीट पाठवा.’ छोटीने ती दोनदा वाचली आणि साप्ताहिक आपलं नाही हे विसरून तेवढा कोपरा फाडून घेतला. सुपरवायझरबाईंनी त्यावर काय काय सुनावलं ते तिच्या कानावर पडलं, पण आत गेलं नाही.

त्याचं कारण वीस वर्षं जुनं होतं. नवव्या वर्षी छोटी जिन्यावरून पडली आणि डाव्या पायाला कमरेपर्यंत प्लास्टर घालून चार महिने पलंगावर पडून राहिली. दादा तेव्हा सोळा वर्षांचा. कोपऱ्यावरच्या वाचनालयातून तो रोज एक कॉमिक भाड्याने आणायचा. त्यात एका वैमानिक बाईची मालिका होती. दादाने तिचं नाव ‘उडती बाई’ ठेवलं आणि घरात तेच रूढ झालं. छत्तिसाव्या अंकाच्या शेवटच्या चित्रात उडती बाई एका हवाई जहाजाला दोराने लटकलेली होती. खाली दरी. दोराला पीळ तीन, त्यातले दोन तुटलेले. खाली लिहिलं होतं: पुढील अंकी.

पुढचा अंक आलाच नाही. वाचनालयवाले गाशा गुंडाळून मुलीकडे दुसऱ्या गावी राहायला गेले. इकडे छोटीचा जीव उडत्या बाईपेक्षाही जास्त टांगणीला लागला. ती धड जेवेना, कुणाशी बोलेना. आठ दिवस दादाने हे बघितलं आणि नवव्या दिवशी तो पलंगाच्या कडेला येऊन बसला. म्हणाला, एका मित्राकडे सदतिसावा अंक होता, मी वाचून आलो, ऐक. आणि त्याने सगळी गोष्ट सांगितली. छान सांगितली. पण ऐकता ऐकताच छोटीच्या लक्षात आलं होतं, की ही गोष्ट कुठल्याही अंकातली नाही, ही दादाची आहे. तिने तसं कधी दाखवलं नाही. दादाने इतकी मेहनत केली होती, तिच्यावर पाणी कोण ओतणार? पण मग खरं काय झालं, हा प्रश्न मात्र वीस वर्षं तसाच राहिला.

दहा दिवसांनी यादी आली. सायक्लोस्टाईल केलेले चार कागद, जांभळट शाई, त्यावर बारीक टाईपात शेकडो नावं आणि प्रत्येकापुढे शेरा: उत्तम, बरी, वाचण्याजोगी. तिसऱ्या पानावर उडती बाई होती. अंक सदतीस, वाचण्याजोगी. छोटीने त्याच दिवशी मनीऑर्डर केली. तळाशी सूचना होती, की अंक संपला असल्यास पाठवण्यासाठी दुसरी पसंती अवश्य कळवावी. तिनेही भोळेपणाने तीन नावं लिहून टाकली.

आली ती दुसरी पसंतीच. एक बोलता घोडा, एक अदृश्य डॉक्टर आणि एक समुद्री चाच्यांचं. तिन्ही मिळून लाटण्यासारखी गोल गुंडाळलेली. सोबत यादीवाल्यांची चिठ्ठी होती, की सदतीस पहिल्याच दिवशी गेला, क्षमस्व. दुधाची तहान ताकावर भागवावी तर ताकही सरळ होईना. गादीखाली चार रात्री ठेवूनसुद्धा घोडा टेबलावर ठेवला की आपोआप गुंडाळला जाई.

वहिनीने कागद घेऊन हिशोब मांडला. यादी सगळ्यांना एकाच दिवशी निघते, आपल्याकडे यायला तीन दिवस लागतात, आपलं पत्र परत जायला तीन. यादीवाल्यांच्या गावातला माणूस सकाळी यादी बघून दुपारी हजर होतो. म्हणजे छोटी कितीही धावली तरी सहा दिवस मागेच. तेव्हा यादीची वाट बघण्यापेक्षा आपणच जाहिरात द्यावी. छोटीला ते पटलं. त्याच साप्ताहिकात तिने दोन ओळी दिल्या: घोडा, डॉक्टर, चाचे विकणे आहे, स्थिती उत्तम. उडती बाई अंक सदतीस हवा आहे.

एकच पत्र आलं. यादीवाल्यांच्याच गावातून, गोलसर अक्षरात. लिहिणाऱ्याला घोडा हवा होता. सदतीसबद्दल चकार शब्द नव्हता, पण आयुष्यातलं पहिलं गिऱ्हाईक म्हणून छोटी हरखली. घोडा तिने वर्तमानपत्रात बांधला, वाटेत सुटू नये म्हणून सुतळीचे चार वेढे दिले आणि गाठ मारताना दादाला बोट ठेवायला लावलं. पार्सल कसं, अगदी आवळून. दादा म्हणाला, घोडा श्वास कसा घेणार?

बाराव्या दिवशी घोडा परत आला. दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये, सपाट, आणि सोबत पत्र.

‘पुस्तक परत पाठवत आहे. आपण “उत्तम” लिहिलं होतं आणि टपालात टाकताना ते उत्तमच असणार. सुतळीने चारही कडा कापल्या आहेत. पुठ्ठे सोबत ठेवले आहेत, पुढच्या वेळी तेच वापरावेत. राग नाही. आपल्याला हवा असलेला सदतीस माझ्याकडे आहे, पण विकायचा नाही. माझं सलून आहे. थांबलेल्या गिऱ्हाइकांसाठी मी बाकावर पुस्तकं ठेवतो आणि ती बाकावरच राहतात. रविवारी दुकान उघडं असतं. वाचायला यावं.’

छोटीला आधी लाज वाटली. कडा खरोखरच कुरतडल्यासारख्या कापल्या होत्या आणि हे आपल्याच हातांनी झालं होतं. मग मात्र ती बाकाच्या विचाराने बेचैन झाली. ज्या अंकासाठी आपण वीस वर्षं झुरलो, तो कुणीही येतंजातं माणूस ओल्या हातांनी उलगडत असेल, त्यावर केस पडत असतील. दादा हसून हसून दमला. वहिनी एवढंच म्हणाली, की त्यांनी बोलावलंय ना, मग रविवारी पहिली गाडी धर.

चार तासांच्या बसप्रवासानंतर छोटी त्या गावी उतरली. सलून लहानसं होतं. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, साबणाचा आणि पावडरीचा वास, आणि दाराला लागून एक लांब बाक. बाकावर चार पुरुष बसलेले. बाईमाणूस आत आलेलं बघून चौघेही एकदम ताठ झाले, आणि खुर्चीत तोंडाला फेस लावून बसलेल्या पाचव्याने आरशातूनच बघून घेतलं. सलूनवाले साठीचे, सडपातळ, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. छोटीने आपण कोण ते सांगितलं. त्यांनी वस्तरा खाली ठेवला, चौघांना सरकायला सांगितलं आणि तिच्या हातात आधी एक स्वच्छ टॉवेल दिला.

“बसमधून आलात. हात पुसून घ्या,” ते म्हणाले.

बाकाची काळजी करत आलेल्या छोटीला तिथेच पहिली चपराक बसली. इथली पुस्तकं टॉवेलशिवाय कुणाच्या हाती पडतच नव्हती. कपाटातून त्यांनी सदतिसावा अंक काढून दिला. पाठीला पट्टी चिकटवलेली, पानं पिवळी, पण एकही दुमडलेलं नाही.

छोटीने पहिलं पान उघडलं. उडती बाई एका हॉटेलात, कोरड्या कपड्यांत, चहा पीत बसली होती. मैत्रिणीला सांगत होती, “थोडक्यात वाचले!” दुसऱ्या चित्रात टेलिफोन वाजत होता आणि नवीन भानगड सुरू झाली होती.

मधलं एखादं पान गळलं असेल म्हणून छोटीने आकडे तपासले. सगळी पानं होती. दोर नाही, दरी नाही, काही नाही. ती हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. बाकावरचे चौघे अवघडून जमिनीकडे बघू लागले. सलूनवाल्यांनी विचारलं तेव्हा तिने छत्तिसाव्या अंकाचा शेवट सांगितला. तो त्यांनी वाचलेला नव्हता, त्यामुळे ही बाई कशातून वाचली हे कोडं त्यांनाही कधीचं पडलेलं होतं.

“मग तुम्हाला काय वाटलं होतं? कशी वाचली असेल?” त्यांनी विचारलं.

छोटी जरा घुटमळली. मग तिने दादाची गोष्ट सांगितली. उडत्या बाईने एका हाताने आपले बूट काढले. बुटांच्या नाड्या दातांनी ओढून एकमेकींना बांधल्या आणि उरलेल्या पिळाभोवती गुंडाळल्या. बूट दरीत टाकले, तेवढं वजन कमी. मग ती हातावर हात टाकत वर चढली. दोर तुटला तो तिने कठडा धरल्यावर. पण जहाज उतरताना धक्का बसला आणि तिचा पाय मोडला, डावा. चार महिने प्लास्टर. विमानाशिवाय, पलंगावर. पहिले काही दिवस ती कुणाशी बोललीसुद्धा नाही. मग तिने ठरवलं की इथूनच आकाश बघायचं. रोज खिडकीतून दिसणारे ढग ती मोजायची आणि वहीत लिहायची. प्लास्टर एका मंगळवारी निघालं. आधी दोन पावलं, मग दहा, मग जिना. आणि मग विमान.

“माझंही प्लास्टर मंगळवारीच निघायचं होतं,” छोटी म्हणाली. “ढगांची वही आहे अजून.”

खुर्चीतल्या माणसाच्या गालावरचा फेस वाळून कडक झाला होता. सलूनवाल्यांनी तो टॉवेलाने पुसला आणि पुन्हा नव्याने लावायला घेतला. ब्रश फिरवता फिरवता ते म्हणाले, “तुमच्या दादांना एकदा केस कापायला पाठवा.”

दुपारी गर्दी ओसरल्यावर त्यांनी कपाट दाखवलं. टपालाने पुस्तकं मागवायला लागले तेव्हा तेही असेच आपटले होते. पहिल्यांदा पाकिटात नोटा घालून पाठवल्या. नोटा गेल्या, पाकीट कुठे गेलं ते आजवर कळलं नाही. दुसऱ्यांदा ‘जुने अंक दहा, मिश्र’ अशी जाहिरात बघून मागवले, तर एकच अंक दहा वेळा आला. बरं, परत करायचे तर टपालखर्च जास्त. त्या वर्षी गल्लीतल्या सगळ्या पुरुषांना ती एकच गोष्ट तोंडपाठ झाली होती. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला, आधी पत्र, मग पैसे, आणि पुठ्ठ्याशिवाय काही नाही.

छोटीने पिशवीतून घोडा काढला. कापलेल्या कडांसकट तिने तो भेट म्हणून आणला होता. त्यांनी पानं उलटून पाहिली आणि बाकाला चालेल म्हणाले. सदतिसावा अंक ते तिला खरोखरच देत होते. छोटीने नको म्हटलं. तिला तो हवा होता तेव्हा त्यात काय आहे हे तिला माहीत नव्हतं. त्याऐवजी तिने पैसे देऊन त्यांच्याकडे दोन-दोन प्रती असलेले नऊ अंक घेतले. ते कसे बांधायचे हे त्यांनी दोनदा करून दाखवलं आणि तिसऱ्यांदा तिच्याकडून करवून घेतलं.

ती संध्याकाळी परतली तेव्हा दादा दुकानात बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवत होता. मान वर न करता त्याने विचारलं, मिळाला का? छोटीने हॉटेल, चहा, थोडक्यात वाचले, सगळं सांगितलं. दादाचा हात थांबला.

“मी तुला काहीतरी वेगळं सांगितलं होतं,” तो म्हणाला.

“ते मी सलूनमध्ये सांगितलं. सहा माणसांना.”

“तुला माहीत होतं?”

“पाय मोडला होता दादा, डोकं नाही.”

दादाने एक चिठ्ठी उलटी चिकटवली, काढली, पुन्हा चिकटवली. मग म्हणाला, त्या नाड्यांचं मला नंतर कधी पटलं नाही, दोन नाड्या एवढं वजन कशा पेलतील? छोटीने त्याला सलूनवाल्यांचा निरोप दिला. दुकान त्या दिवशी अर्धा तास आधी बंद झालं, आणि घरी येईपर्यंत त्याने वाटेत तिला ती सगळी गोष्ट, माणसं कुठे कुठे हसली आणि कुठे गप्प झाली यासकट, दोनदा सांगायला लावली.

महिन्याभराने छोटीची स्वतःची यादी निघाली. एकच कागद, एकतीस अंक, त्यातले अकरा सलूनवाल्यांनी विकायला दिलेले. वहिनीने ती शाळेच्या टाईपरायटरवर परवानगी घेऊन टाईप केली. पुठ्ठे दादाच्या दुकानातल्या खोक्यांचे, त्यामुळे काही गिऱ्हाइकांना कॉमिकबरोबर खोकल्याच्या औषधाची जाहिरातही मिळे. एका अंकावरून मात्र बहीणभावांची चांगलीच जुंपली. चाच्यांच्या सोळाव्या पानावर कुणीतरी पेन्सिलीने मिशी काढली होती. दादाचं म्हणणं, खोडून ‘उत्तम’ लिही. छोटी म्हणाली, खोडल्याची खूण राहते, ‘बरी’च लिहिणार. वहिनीने वह्या तपासता तपासता निकाल दिला, की आहे ते लिहा. शेवटी यादीत गेलं: ‘चाचे, उत्तम, पान सोळावर एक मिशी जास्त.’

त्या अंकाला चार मागण्या आल्या.